दोन ते आठ अंशांच्या आत

चंदीगडमध्ये मुख्यमंत्री दोन राहतात, पण शहराला स्वतःचा एकही नाही. पंजाबची राजधानी हीच, हरियाणाची राजधानीही हीच, आणि शहर मात्र केंद्रशासित. विमानतळाची धावपट्टी चंदीगडच्या हद्दीत, तर प्रवासी टर्मिनल पंजाबातल्या मोहालीत. बाहेरून येणाऱ्याला या वाटणीची गंमत वाटते. लशींचा साठा सांभाळणाऱ्याला तिची गंमत वाटायला वेळ नसतो, कारण त्याच्यासाठी या एका शहरात वेगवेगळ्या सरकारांची वेगवेगळी खाती आहेत आणि कुठलंच खातं दुसऱ्यात मिसळून चालत नाही.

१२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे पाच वाजण्याच्या थोडं आधी पुण्याजवळच्या मांजरीतून, सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून, तापमान राखणारे तीन ट्रक बाहेर पडले. निघण्याआधी गाड्यांची रीतसर पूजा झाली. आत ४७८ खोकी होती, प्रत्येकी ३२ किलोची. पुण्याच्या विमानतळावरून देशातल्या तेरा शहरांकडे ही कोव्हिशील्ड जायची होती आणि त्या यादीत चंदीगड होतं. केंद्राच्या पहिल्या वाटपात चंदीगडच्या वाट्याला १२,००० डोस आले, पंजाबला २,०४,५००, हरियाणाला २,४१,५००. महाराष्ट्राला ९,६३,०००. पंजाबचा साठा चंदीगडच्याच सेक्टर २४ मधल्या राज्य लस भांडारात ठेवला गेला. हरियाणाचं राज्य भांडार कुरुक्षेत्राला. वाहिन्यांचे कॅमेरे खोक्यांवर होते. खोक्यांच्या आतल्या तापमानाची नोंद ठेवणाऱ्या चिमुकल्या यंत्राकडे कुणाचं लक्ष असण्याचं कारण नव्हतं.

पण अख्ख्या लसीकरणाची कथा त्या यंत्राभोवतीच फिरते. महाराष्ट्रात बनलेली लस पंजाबच्या बाजूला पाठवण्याचा उद्योग काही २०२१ मध्ये सुरू झालेला नाही. त्याला सव्वाशे वर्षं होत आली, आणि त्याच्या सुरुवातीलाच एक भयंकर प्रकार घडलेला आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी काही महिन्यांत प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. आज हाफकिन इन्स्टिट्यूट आहे ती हीच वास्तू. प्लेग पंजाबात पोचला तेव्हा तिथल्या सरकारनं फार मोठ्या मोहिमेची आखणी केली आणि परळकडे मागणीचा तगादा लागला. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिननी पद्धत बदलली. जंतू मारून झाल्यावर लशीत खबरदारी म्हणून घातलं जाणारं कार्बोलिक आम्ल वगळलं, सगळी भिस्त उष्णतेवर ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल नावाच्या गावात १०७ माणसांना टोचणी झाली. त्यातली १९ माणसं धनुर्वातानं दगावली, आणि त्या एकोणीसही जणांना ५३-एन अशी खूण असलेल्या एकाच बाटलीतली लस दिली होती. ती बाटली परळला ४१ दिवस आधी भरलेली.

हे गाव आता पाकिस्तानात आहे. दोष कुणाचा, हा प्रश्न मात्र मुंबईत सोडवला गेला, आणि चुकीचा सोडवला गेला. चौकशी समितीनं ठपका ठेवला तो बाटली उघडण्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे परळवर. हाफकिन यांचं पद गेलं. खरं तर टोचणीच्या ठिकाणी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानंच बाटलीचं बूच काढलं गेलं होतं. बाटली उघडताना दुर्गंधी आली नाही, असं टोचणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेलं होतं; एकेचाळीस दिवस त्यात धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर वास लपला नसता. एवढा साधा मुद्दा मान्य व्हायला पाच वर्षं लागली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिलं, त्यानंतर नोव्हेंबरात हाफकिन निर्दोष ठरले. तोवर मुंबईतलं त्यांचं पद दुसऱ्याकडे गेलं होतं. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

मुलकोवालची हकिकत हाफकिनवरच्या अन्यायाची म्हणून सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण लसपुरवठ्याच्या दृष्टीनं तिच्यात वेगळी गोष्ट दडली आहे. परळ ते मुलकोवाल या वाटेवर नेमकं कुठं बिनसलं, हे दाखवणारी एकही खूण त्या बाटलीवर नव्हती. त्यामुळं ज्याचं नाव मोठं, त्याच्यावर आळ आला. पुढच्या शतकात लशींच्या साखळीत ज्या सुधारणा झाल्या, त्यातल्या बऱ्याच या एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत: बिघडलं तर कुठं बिघडलं, ते कळावं कसं?

पहिलं उत्तर चंदीगडपासून साठेक किलोमीटरवर, कसौलीच्या डोंगरात आहे. पर्यटक कसौलीला जातात ते देवदार आणि माल रोडसाठी. तिथं १९०५ पासून सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, ही धास्ती ज्या पिढीनं अनुभवली तिला कसौलीचं नाव माहीत नसेल, पण ती लस इथंच डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास तयार केली. भारतात तिचा वापर थांबला तो २००४ च्या अखेरीस. याच आवारात केंद्रीय औषध प्रयोगशाळा आहे. देशात विकली जाणारी किंवा सरकारनं घेतलेली लस, मग ती पुण्याची असो की हैदराबादची, तिच्या प्रत्येक बॅचचे नमुने इथं यायचे, तपासले जायचे आणि हिरवा कंदील मिळाल्यावरच तो माल कारखान्याबाहेर पडायचा. म्हणजे मांजरीहून चंदीगडला निघालेल्या खोक्यांच्या आधी त्यांचे नमुने चंदीगडजवळून डोंगर चढून गेलेले होते. सगळा देश एका डोंगरावरच्या प्रयोगशाळेकडे डोळे लावून बसतो, हे कोविडच्या काळात जाणवलं. म्हणूनच २०२१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राला आणि हैदराबादच्या पशुजैवतंत्रज्ञान संस्थेलाही कोविड लशींच्या तपासणीची मान्यता दिली गेली.

कसौलीनं उलटा धडाही दिलेला आहे. जानेवारी २००८ मध्ये उत्पादनाचे निकष पाळले जात नाहीत म्हणून कसौली, कुन्नूर आणि गिंडी या तीन सरकारी संस्थांचे लसनिर्मितीचे परवाने एकदम निलंबित झाले. निकष महत्त्वाचेच. पण लहान मुलांच्या नेहमीच्या लशींसाठी ज्यांच्यावर अवलंबून राहायचं, ते तिन्ही कारखाने एकाच वेळी बंद करताना त्यांची जागा कोण भरणार याची तजवीज आधी करायची असते. ती नव्हती. टंचाई आली, वाद झाले, आणि २०१० मध्ये निलंबन मागं घेतलं गेलं. शीतपेट्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यात ठेवायला काही लागतं, हे आपल्याकडच्या नियोजनात वारंवार विसरलं जातं.

कारखान्यातून निघालेली नेहमीची लस सहसा आधी राष्ट्रीय भांडारात जाते. अशी चार: कर्नाल, मुंबई, कोलकाता, चेन्नई. कर्नाल चंदीगडहून दिल्लीच्या रस्त्यावर, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. उत्तरेकडच्या राज्यांचा बराच भार त्याच्यावर. तिथून राज्याचं भांडार, मग विभाग, जिल्हा, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शहरी दवाखाना, आणि शेवटी खांद्याला पट्टा लावलेल्या निळ्या पेटीतून अंगणवाडी. डिसेंबर २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयानं सांगितलेला पसारा असा होता: देशभरात सुमारे २९,००० शीतसाखळी केंद्रं, २४० वॉक-इन कूलर, ७० वॉक-इन फ्रीझर, ४५,००० आयएलआर (बर्फाच्या अस्तराचे फ्रिज), ४१,००० डीप फ्रीझर आणि ३०० सौर फ्रिज. यातून वर्षाला सुमारे अडीच कोटींहून अधिक बाळांपर्यंत आणि जवळपास तितक्याच किंवा त्याहून जास्त गरोदर बायकांपर्यंत पोचायचं असतं. कोविडची लस निवडताना हाच पसारा निर्णायक ठरला. उणे सत्तर अंश मागणारी लस या साखळीत बसलीच नसती; दोन ते आठ अंश मागणारी बसली.

आयएलआर ही वस्तू घरच्या फ्रिजहून वेगळी. दार वर उघडतं, म्हणजे थंड हवा खाली सांडून जात नाही. भिंतींच्या आत बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळं दिवसातून आठेक तास वीज मिळाली तरी तापमान धरून राहतं. पोलिओ, बीसीजी, गोवर-रुबेलाच्या कुप्या तळाशी. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, टीडी, आयपीव्ही वरच्या टोपलीत. ही मांडणी आवडीनिवडीची नाही. तळाशी गारठा जास्त असतो आणि वरच्या टोपलीतल्या लशींना तो सोसत नाही. दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीसुद्धा, कुणीतरी झाकण उघडून तापमान पाहायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचं, असा नियम आहे. ‘सुटीच्या दिवशीसुद्धा’ या दोन शब्दांवर किती दवाखान्यांचा तक्ता सोमवारी सकाळी एका दमात भरला जात असेल, हे या खात्यात काम केलेल्या कुणालाही विचारावं.

यंत्रांच्या बाबतीत महाराष्ट्राचा हात बराच वरपर्यंत पोचलेला आहे. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, या शाळेतल्या गोष्टीवर आधारलेलं ‘शुअर चिल’ हे तंत्र वेल्समधून आलं. टाकीतलं पाणी आपोआप असं हलत राहतं की लशींच्या कप्प्याभोवती चार अंशांच्या आसपासचं पाणी राहतं आणि वीज गेली तरी काही दिवस निभावतं. भारतात हे फ्रिज गोदरेजनं आणले. योगायोग असा की गोदरेजचे फ्रिजचे कारखाने शिरवळला आहेत आणि मोहालीलाही. यंत्र बिघडलं की दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांना तयार करणारं राष्ट्रीय शीतसाखळी प्रशिक्षण केंद्र पुण्यात, राज्याच्या आरोग्य परिवहन विभागाच्या आश्रयानं चालतं. देशाच्या निरनिराळ्या भागांतले तंत्रज्ञ तिथं येऊन कॉम्प्रेसर उघडायला शिकतात. लसीकरणाच्या भाषणांत या माणसांचा उल्लेख क्वचित येतो. मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना, चंदीगडच्या एखाद्या दवाखान्याचा आयएलआर बंद पडला तर डॉक्टरपेक्षा आधी याच माणसाला फोन जातो.

मुलकोवालच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर कुपीवरच्या एका ठिपक्यात आहे. १९९६ पासून पोलिओच्या लशीवर व्हीव्हीएम येऊ लागला: एक वर्तुळ, त्यात फिकट चौकोन. कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो आणि एकदा गडद झाला की परत फिकट होत नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी बाद. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही तो कळतो, आणि कुपीनं सोसलेला सगळा ताप तो बेरजेत दाखवतो, मग ते ट्रकमधले चार तास असोत की फ्रिज बंद असतानाची रात्र.

तिसरं उत्तर ई-विन, म्हणजे लशींच्या साठ्याची आणि तापमानाची डिजिटल नोंदव्यवस्था. २०१५ मध्ये उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान यांसारख्या अवघड राज्यांपासून सुरुवात झाली. लसीकरणाचा दिवस संपला की शीतसाखळी सांभाळणारी व्यक्ती मोबाइलवर साठ्याचा हिशेब भरते. आयएलआरमधला सेन्सर सिमकार्डावरून तापमान वर पाठवतो, मर्यादा ओलांडली की संदेश जातो. ऑगस्ट २०२० मध्ये ही व्यवस्था ३२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत पोचल्याचं केंद्रानं जाहीर केलं. उरलेल्या चारांची नावं होती अंदमान-निकोबार, लडाख, सिक्कीम आणि चंदीगड. बेटं, हिमालयाची दोन टोकं, आणि ल कॉर्बुझिएनं आखलेलं, काटकोनी रस्त्यांचं शहर. अवघड जागांपासून सुरुवात करण्याचं धोरण योग्यच होतं. पण सहा महिन्यांत कोविडची लस दारात येणार होती, आणि तिचा हिशेब याच ई-विनच्या पायावर चालायचा होता.

चंदीगडची खरी अडचण अंतराची नाही. ११४ चौरस किलोमीटरचं शहर, कुठूनही कुठंही अर्ध्या तासात. अडचण मोजणीची आहे. पीजीआय, सेक्टर १६ आणि सेक्टर ३२ ची इस्पितळं पंजाब, हरियाणा, हिमाचलच्या बाळंतिणींनाही आधार देतात. तिथं जन्मलेल्या बाळाला जन्मताच बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस-बी मिळते, म्हणजे लस खर्च होते चंदीगडच्या साठ्यातून. सहाव्या आठवड्याला ते बाळ असतं संगरूरला किंवा अंबाल्याला. उलट मौली जागराँ, हल्लोमाजरा, दडुमाजरा, मलोया या वस्त्यांत आईबरोबर उत्तर प्रदेश-बिहारहून आलेलं बाळ असतं, जे चंदीगडच्या जन्मनोंदीत नाही, पण ज्याला उरलेले डोस इथंच द्यायचे असतात. लोकसंख्येवरून लशीची मागणी काढायची म्हटली तर जन्मवेळच्या लशी कमी पडतील आणि नंतरच्यांचा अंदाज दोन्हीकडून हुकेल. जानेवारी २०२३ मध्ये ६५ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झालेल्या यू-विन या लसीकरणाच्या डिजिटल नोंदवहीचा खरा उपयोग अशा शहराला आहे. त्यात नोंद बाळाच्या नावावर राहते, गावाच्या नावावर नाही.

त्यात बीसीजीची कुपी दहा डोसांची. द्रावण मिसळलं की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. तीनच बाळं आली तर सात डोस नालीत. म्हणून सरकारी हिशेबात बीसीजीला निम्मी नासाडी गृहीत धरलेली असते, गोवर-रुबेलाला पाव. नासाडीचे आकडे बघून कुणी वरून डोळे वटारले की खालच्या परिचारिकेसमोर सोपा मार्ग उरतो: दहा बाळं जमेपर्यंत कुपी उघडायचीच नाही. मग आई परत जाते. नासाडी कमी झाल्याचा अहवाल छान दिसतो. काही नासाडी ही सेवेची किंमत असते, हे लक्ष्य ठरवणाऱ्यांनी मान्य करायला हवं.

एवढं सगळं उन्हाबद्दल आणि हिशेबाबद्दल. आता थंडीबद्दल, कारण इथं व्हीव्हीएमही आंधळा आहे.

ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लशी, म्हणजे पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस-बी, एकदा गोठल्या की त्यातले कण गुठळतात आणि पुन्हा वितळल्यावर लस पूर्ववत होत नाही. दिसायला ती तशीच दिसते. व्हीव्हीएमचा चौकोन फिकटच राहतो, कारण त्याला फक्त उष्णता कळते. बाळाला टोचली तरी तिचा पुरेसा उपयोग होत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे डॉ. मनोज मुऱ्हेकर आणि सहकाऱ्यांनी दहा राज्यांतल्या तापमानाच्या नोंदी घेऊन २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत अभ्यास छापला. राज्य आणि जिल्हा भांडारांत लस शून्याखाली जाण्याचा काळ अगदी थोडा निघाला. खालच्या आरोग्य केंद्रांत मात्र तो एकूण वेळेच्या दहा टक्क्यांच्या पुढं होता. भारतासारख्या देशात सगळी यंत्रणा उन्हाला भिऊन बर्फ वाढवत राहिली आणि त्या बर्फानंच लस मारली, असा त्या आकड्यांचा अर्थ होतो. चंदीगडच्या जानेवारीत तर रात्री बाहेरही कडाक्याची थंडी असते.

यावरचा उपाय पुस्तकात अगदी साधा आहे. डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक लगेच पेटीत भरायचे नाहीत. ते टेबलावर मांडून ठेवायचे. आधी त्यांच्यावर पांढरा कडक थर असतो, मग घाम फुटतो, पाण्याचे थेंब ओघळू लागतात. पॅक कानाशी धरून हलवला की आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे, बर्फाचा गोळा सुटून हलला पाहिजे. तेव्हाच तो पुसून पेटीच्या चार भिंतींना लावायचा आणि मध्ये कुप्या ठेवायच्या. याला थंडीत अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. आरोग्यसेविकेला नऊ वाजता वस्तीत पोचायचं असतं, पेट्या न्यायला आलेला माणूस मोटरसायकल चालू ठेवून दारात उभा असतो. त्या वेळी पॅक कानाशी धरणारी व्यक्ती सगळ्यांना आडमुठी वाटते.

संशय आला तर हलवून पाहायची चाचणी आहे. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवायची, वितळू द्यायची, मग तिच्याशेजारी संशयित कुपी धरून दोन्ही सारख्याच हलवून टेबलावर ठेवायच्या. गोठवलेल्या कुपीत साका झपाट्यानं खाली बसतो. दुसरीतही तितक्याच वेगानं बसला तर ती फेकायची. चाचणी बिनखर्चाची आहे, अचूक आहे, आणि त्यासाठी एक चांगली कुपी बळी द्यावी लागते. नासाडीच्या आकड्यांना भिणाऱ्या केंद्रात ती कितीदा होत असेल?

अलीकडच्या काळात गोठण टाळणाऱ्या पेट्या निघाल्या आहेत. लशींचा कप्पा आणि आइसपॅक यांच्यामध्ये त्यात पाण्याचा एक आडपडदा असतो, त्यामुळं पॅक थेट फ्रीझरमधून काढून भरले तरी कुप्या शून्याखाली जात नाहीत. पॅक घामेजेपर्यंत थांबायची गरजच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ पासून अशा पेट्यांना मान्यता द्यायला सुरुवात केली. त्या जुन्या निळ्या पेटीपेक्षा महाग आहेत. शिवाय भरल्यावर जड होतात, आणि मौली जागराँच्या गल्लीत असो की नंदुरबारच्या डोंगरपाड्यावर, ते वजन ज्या बाईच्या खांद्यावर येणार आहे तिला खरेदीच्या बैठकीत अजून कुणी बोलावत नाही.